कसारा घाटात इंजिन ठोकतंय (नॉकिंग): ९५ टाकू, १०० टाकू की ऑक्टेन बूस्टरची बाटली ओतू?

घाटवाट_१५५

नमस्कार मंडळी. गाडी यामाहा आर१५ व्ही३, २०१८ची, बीएस४, पूर्ण स्टॉक. रनिंग ४१ हजार. मुंबईहून येताना कसारा घाटात मागे माणूस बसलेला असला आणि गाडी पाचव्या-सहाव्या गिअरला असली की इंजिनातून बारीक टिक-टिक-टिक येते. नाशिक शहरात, गंगापूर रोड ते सातपूर रोजच्या ये-जा मध्ये काहीच आवाज नाही. उन्हाळ्यात आवाज जास्त.

प्रश्न असे:

१) साधं पेट्रोल सोडून ९५ ऑक्टेनचं (ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल आपोआप पेटायला अवघड) प्रीमियम कायमचं सुरू करू का? लिटरमागे आठ-दहा रुपये जास्त जातात. १०० ऑक्टेन तर जवळपास दीडपट महाग आहे.

२) ऑक्टेन बूस्टरच्या एका बाटलीवर ‘३० पॉइंटपर्यंत वाढ’ असं लिहिलंय. ९१चं थेट १२१ होतं की काय? खरं काय समजायचं?

३) अमेरिकन व्हिडिओंत लोक सरळ ‘९३ टाका’ म्हणतात. मग आपलं ९१ म्हणजे अगदीच हलकं का?

४) निफाडला घरी २०१२ची स्प्लेंडर आहे, कार्बोरेटरवाली. महिनोनमहिने उभी असते. इथेनॉलसाठी टाकीत काही टाकावं लागतं का?

गॅरेजमध्ये विचारलं तर ‘एक बाटली मारून बघा’ एवढंच उत्तर मिळालं.

---

स्पार्कगॅप

पेट्रोल बदलण्याआधी आवाज कशाचा आहे ते ठरवा. टिकटिक तीन-चार ठिकाणांहून येऊ शकते आणि त्यातली एकच पेट्रोलशी संबंधित आहे.

टॅपेटचा (वॉल्व्हच्या फटीचा) आवाज गाडी उभी असतानाही येतो, आरपीएमबरोबर वाढतो, लोड असो-नसो. टायमिंग चेन सैल असेल तर थंड इंजिनाला सुरुवातीला आणि ॲक्सिलरेटर सोडताना खर्रखर्र होते. एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून लीक असेल तर टकटक थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी, म्हणजे तुमच्या बरोबर उलट. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरातलं मिश्रण आपोआप फुटणं, फक्त लोडवर येतं: कमी आरपीएम, जास्त थ्रॉटल, गरम इंजिन. आवाज पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवल्यासारखा. खात्रीची खूण म्हणजे आवाज चालू असताना थ्रॉटल पाव भाग कमी करा, नॉकिंग त्याच क्षणी बंद पडतं. टॅपेट बंद पडत नाही.

तुमचं वर्णन नॉकिंगशी जुळतं. पण त्यातला अर्धा दोष गिअरचा वाटतो. १५५ सीसीचं इंजिन दोन माणसं घेऊन चढावर सहाव्या गिअरला ४००० आरपीएमवर ओढत असेल तर सिलिंडरात दाब जास्त, पिस्टनचा वेग कमी आणि ज्योत पसरायला वेळच वेळ. पेटायचं राहिलेलं मिश्रण तेवढ्या अवधीत तापून आपोआप फुटतं. व्ही३ला व्हीव्हीए (आरपीएमप्रमाणे वॉल्व्हचा कॅम बदलणारी यंत्रणा) आहे, तिचा दुसरा कॅम ७४०० आरपीएमला लागतो. हे इंजिन फिरवायलाच बनवलंय. घाटात चौथा गिअर, सहा हजारांच्या वर. आवाज गेला तर पेट्रोलवर एक रुपया जास्त घालायची गरज नाही.

चौथ्यालाही आला तर या क्रमाने बघा:

कूलंट. इंजिन पूर्ण थंड असताना रिझर्व्ह टाकीची पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकतात, पावसाळ्यानंतर हमखास. मागच्या बाजूने पुढे असं हलकं पाणी मारायचं. प्रेशर वॉशरचं नोझल जवळ धरलं तर पातळ फिन्स वाकतात आणि मग हवा जातच नाही. घाटातून वर आल्यावर फॅन सुरू होतो का तेही बघा.

प्लग. मॅन्युअलमधला नंबरच हवा. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलट. ‘बसतो ना’ म्हणून एक नंबर गरम प्लग लावलेल्या गाड्या बऱ्याच असतात, आणि गरम प्लग म्हणजे नॉकिंगला आवतण. प्लग नीट आवळलेला नसला तरी त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, त्यामुळे वॉशर दबलाय का तेही पाहा.

हवेची गळती. थ्रॉटल बॉडी आणि हेड यांच्यामधल्या रबरी नळीला सात-आठ वर्षांत बारीक भेगा पडतात. बाहेरून दिसत नाहीत, काढून वाकवल्या की उघडतात. तिथून आत गेलेली जादा हवा मिश्रण पातळ करते, पातळ मिश्रण गरम जळतं.

पेट्रोलचा दाब. पंपाच्या तोंडची जाळी चोंदली की आयडलला काही कळत नाही, फुल थ्रॉटलला मात्र पेट्रोल कमी पडतं. सर्व्हिस सेंटरमध्ये प्रेशर गेज लावून दहा मिनिटांत कळतं. लोक हीच पायरी वगळतात.

शेवटी कार्बन. प्लगच्या भोकातून मोबाइलला जोडायचा बोरस्कोप (बारीक कॅमेरा) घाला, इंजिन थंड असताना. पिस्टनवर पातळ तपकिरी थर असेल तर ठीक. काळे, खवल्यांसारखे, जाड पापुद्रे असतील तर तिथेच उत्तर आहे. काजळीचा थर दोन प्रकारे त्रास देतो: जागा व्यापतो म्हणून कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) वाढतं, आणि उष्णता अडवतो म्हणून पृष्ठभाग तापलेला राहतो. जसजसा तो साचतो तसतसं त्याच इंजिनाला जास्त ऑक्टेन लागू लागतं. नवी असताना न ठोकणारी गाडी चाळीस हजाराला ठोकते ती बहुधा यामुळेच.

---

रसायन_पंचवटी

वरच्या उत्तराशी सहमत. आता आकड्यांचं.

आपल्याकडे पंपावर लिहिलेला आकडा आरओएनचा, म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर. अमेरिकेतल्या पंपावर आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. एमओएनची चाचणी जास्त आरपीएमवर, मिश्रण तापवून घेतात, म्हणून तिचा आकडा आठ-दहाने कमी येतो. बीएस६च्या साध्या पेट्रोलला किमान ९१ आरओएन आणि ८१ एमओएन लागतो. सरासरी ८६. म्हणजे आपलं ९१ साधारण त्यांचं ८६-८७, आणि त्यांचं ९३ म्हणजे आपल्या मोजमापात ९७-९८. व्हिडिओतला आकडा जसाच्या तसा उचलला की पहिला घोटाळा तिथेच.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात आलेली नाही. ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून साध्या पेट्रोलचं ऑक्टेनही वर गेलंय. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८च्या वर आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने दिलेल्या खुलाशातच आहे की बीएस६साठी ९१ असलेलं साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलमुळे ९५ आरओएनवर आलंय. शिवाय इथेनॉल बाष्प होताना बरीच उष्णता शोषून घेतं, त्यामुळे आत जाणारं मिश्रण थंड राहतं, तोही नॉकिंगविरुद्ध फायदाच. तेव्हा ‘ऑक्टेनसाठी’ ९५चं प्रीमियम घेण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. त्यात डिटर्जंट असतो, त्यासाठी घेत असाल तर वेगळी गोष्ट.

तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ११.६:१. बजाजची डॉमिनार ४०० १२:१ वर चालते. रॉयल एनफिल्डची जुनी (यूसीई इंजिनाची) क्लासिक ३५० अवघी ८.५:१, तिला १०० ऑक्टेन म्हणजे निव्वळ दान. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त ताकद नसते, ते फक्त उशिरापर्यंत आपोआप पेटत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर नाही. इग्निशनचा नकाशा आरपीएम आणि थ्रॉटलवर ठरलेला, टाकीत १०० आहे हे ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) कळतच नाही, मग तो टायमिंग पुढे नेणार कसा?

आता बाटली. ‘३० पॉइंट’मधला एक पॉइंट म्हणजे ०.१ ऑक्टेन. म्हणजे ३० पॉइंट म्हणजे जास्तीत जास्त ३ आकडे, ‘पर्यंत’ हा शब्द धरून. ९५चं ९८, तेही पूर्ण डोस गेला आणि मूळ पेट्रोल कमी ऑक्टेनचं असलं तर. मूळ ऑक्टेन जितकं वर, तितका बूस्टरचा परिणाम कमी.

आत काय असतं ते महत्त्वाचं. स्वस्त बूस्टरमध्ये बहुधा मँगेनीजचं संयुग, एमएमटी, किंवा लोखंडाचं फेरोसीन असतं. दोन्ही ऑक्टेन वाढवतात हे खरं. पण जळल्यावर धातूचं ऑक्साइड मागे राहतं. प्लगच्या चिनी मातीवर विटकरी-नारिंगी थर दिसतो तो त्याचाच. फेरोसीनचा थर गरम झाल्यावर वीज वाहून नेतो, ठिणगी टोकावरून न पडता मातीवरून घसरते आणि गाडी वरच्या आरपीएमला मिसफायर करते. हाच थर ओ-टू सेन्सरवर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवरही चढतो. बीएस६ गाडीत तर असल्या बाटलीच्या नादी लागूच नका.

घरगुती उपाय आधीच निकालात काढतो. डांबरगोळ्या: जुन्या काळच्या नॅप्थलीनच्या होत्या, विरघळायच्या खऱ्या, पण थंडीत खडे होऊन जेट बंद करायच्या. आता बाजारात पॅराडायक्लोरोबेंझिनच्याही मिळतात, त्यात क्लोरीन आहे, जळल्यावर आम्ल तयार होतं. टू-टी ऑइल फोर स्ट्रोकच्या टाकीत टाकल्याने ऑक्टेन उलट कमी होतं. रॉकेलचं तर विचारूच नका. ॲसिटोन रबरी सील खातं. सॅनिटायझर म्हणजे इथेनॉल अधिक पाणी, नको तीच गोष्ट विकत घेऊन ओतायची.

---

घाटवाट_१५५

खूप आभार. रविवारी तपासलं. चौथ्या गिअरला सात हजारांवर आवाज नाही. पाचव्याला ५५००च्या आसपास फुल थ्रॉटल दिला की पुसटसा येतो. कूलंट बरोबर, फॅन सुरू होतो. प्लगचा नंबर बरोबर आहे, पण टोक अगदी पांढरट आहे. याचा अर्थ मिश्रण पातळ ना? बोरस्कोपने पिस्टनवर काळा थर दिसतो, कडेला पापुद्रे सुटलेत. रबरी नळी अजून काढली नाही. आता हा थर काढायला पेट्रोलमध्ये क्लीनर टाकू का, आणि कुठला?

---

स्पार्कगॅप

पांढरा प्लग पाहून घाबरू नका. कॉफीच्या रंगाचा प्लग हे शिशाच्या पेट्रोलच्या आणि कार्बोरेटरच्या जमान्यातलं माप. इंजेक्शनच्या गाडीत, ई२०वर, टोक फिकट दिसणं नेहमीचंच. बघायचं ते वेगळं: भिंग घेऊन चिनी मातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके किंवा चमकणारे बारीक कण आहेत का? चमकणारे कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम, म्हणजे नॉकिंग गंभीर, गाडी फुल थ्रॉटलला चालवणं लगेच बंद. माती फुगलीय किंवा इलेक्ट्रोडची कड वितळून गोल झालीय असं दिसलं तरी तेच. नुसता पांढरा, कोरडा, स्वच्छ असेल तर चालू द्या.

नळी मात्र काढाच. दोन क्लॅम्प, वीस मिनिटांचं काम.

१०० ऑक्टेन औषध म्हणून नका वापरू, तपासणी म्हणून वापरा. टाकी रिझर्व्हला येऊ द्या, साधारण एक लिटर उरलं की १००चं पाच लिटर भरा. पाइप आणि इंजेक्टरमधलं जुनं पेट्रोल जाईपर्यंत पाच-सहा किलोमीटर चालवा. मग तोच चढ, तोच गिअर, तोच मागे बसणारा, शक्यतो दिवसाची तीच वेळ. आवाज तसाच राहिला तर तो नॉकिंग नाही, टॅपेट-चेनकडे वळा. गेला तर पुढच्या टाकीला परत साधं भरून तोच चढ पुन्हा. परत आला तरच निष्कर्ष पक्का. एकदा १०० टाकलं आणि ‘फरक वाटला’ यावर जाऊ नका, त्या दिवशी हवा पाच अंशांनी थंड असली तरी फरक वाटतो.

---

रसायन_पंचवटी

या चाचणीत एक मेख आहे. भरलेल्या १००मध्ये इथेनॉल नसेल किंवा कमी असेल तर तेवढ्याच मापाच्या पेट्रोलमध्ये मिश्रण दाट होतं. पूर्ण जळण्यासाठी शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई२०ला साडेतेरा पट. फुल थ्रॉटलला ईसीयू ओ-टू सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेल्या नकाशाप्रमाणे पेट्रोल सोडतो. मग आवाज ऑक्टेनने गेला की दाटपणाने गेला हे कसं कळणार? म्हणून भरलेल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती ते आधी मोजा. सोपं आहे.

१०० मिलीचं काचेचं मोजपात्र घ्या, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. बरोबर १० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी, त्यात शाईचा एक थेंब. वरून पेट्रोल, १००च्या खुणेपर्यंत. म्हणजे पेट्रोल ९० मिली झालं. तोंडावर बूच लावून हळू उलटंसुलटं करा, मधूनमधून बूच सैल करून वाफ सोडा, मग दहा मिनिटं ठेवून द्या. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं आणि खालचा रंगीत थर वाढतो. थर २७-२८ मिलीपर्यंत चढला तर ते ई२०. सूत्र असं: थरातून १० वजा करा, ९०ने भागा, १००ने गुणा. इथेनॉल आणि पाणी मिसळल्यावर एकूण माप किंचित आकसतं, त्यामुळे आकडा एक-दोन टक्के कमी येतो, तेवढं धरून चाला. थर १०वरच राहिला तर इथेनॉल नाही. हे सगळं उघड्यावर, गॅस, देवघरातला दिवा, इन्व्हर्टर यांपासून लांब. उरलेलं पेट्रोल टाकीत परत ओतायचं नाही, त्यात आता पाणी आहे.

क्लीनरबद्दल. पिस्टनवरचा कार्बन काढायला पीईए, म्हणजे पॉलिइथरअमाइन, असलेला हवा. जुन्या पद्धतीचे डिटर्जंट इनटेक वॉल्व्ह साफ करतात, पण स्वतः नीट जळत नाहीत आणि पिस्टनवर थर वाढवू शकतात. पीईए दोन्हीकडे चालतं. बाटलीच्या पुढच्या बाजूला हे क्वचित लिहिलेलं असतं. कंपनीच्या साइटवर त्या मालाची सेफ्टी डेटा शीट असते, ती उघडा. घटकांत पॉलिइथरअमाइन किंवा पॉलिआल्किलीन ऑक्साइड अमाइन दिसलं तर घ्या. नुसतं नॅप्था, केरोसीन, डिस्टिलेट असेल तर ते महागडं रॉकेल आहे.

डोस नजरेने घालू नका. कारची ३०० मिलीची बाटली ६० लिटरसाठी असेल तर लिटरमागे ५ मिली, तुमच्या ११ लिटरच्या टाकीला ५५ मिली. मेडिकलमधून बिनसुईची ५० मिलीची सिरिंज आणा, मोजून आधी क्लीनर घाला आणि वरून पेट्रोल भरा म्हणजे ढवळलं जाईल. दुप्पट घातल्याने दुप्पट साफ होत नाही, जास्तीचं पीईए सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. म्हणूनच हा कार्यक्रम ऑइल बदलायच्या आधीच्या दोन टाक्यांना करायचा. आणि त्या टाक्या हायवेवर, चौथ्या-पाचव्या गिअरला आठ हजारांपर्यंत नेत संपवा. कॉलेज रोडच्या सिग्नलांवर पीईए काही करत नाही, पिस्टन पुरेसा तापतच नाही.

---

वाटी_आणि_फ्लोट

स्प्लेंडरकडे कुणी बघितलंच नाही, म्हणून मी.

उभ्या गाडीचा शत्रू ऑक्टेन नाही, पाणी आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी विरघळून राहतं आणि इंजिनात जळून जातं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी बसतो. टाकीच्या तळाला गंज धरतो आणि वरचं उरलेलं पेट्रोल इथेनॉल गेल्यामुळे कमी ऑक्टेनचं राहतं. रिझर्व्हचं तोंड टाकीत सर्वांत खाली असतं हे लक्षात घ्या. पावसाळ्यात कॉक रिझर्व्हवर फिरवला आणि गाडी सावरण्याऐवजी जास्तच धडपडू लागली तर कार्बोरेटरच्या वाटीत (पेट्रोल साठतं त्या कप्प्यात) पाणी आलंय. कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत काढा, तळाशी वेगळा थर किंवा गढूळ थेंब दिसतील.

पाणी येतं कुठून? हवेतून थोडं, झाकणातून बरंच. टाकीच्या झाकणाभोवती जी खोबण असते तिला पाणी जायला एक बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की पावसाचं पाणी तिथेच तळं करून बसतं आणि तुम्ही पंपावर झाकण उघडलं की थेट आत. पावसाळ्याआधी भोकात स्पोकची तार हलकेच फिरवायची, मग वरून दोन चमचे पाणी ओतून ते खाली निथळतं का बघायचं. हे काम फुकट आहे आणि कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त उपयोगाचं.

गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, आत हवा कमी, ओल कमी. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि मग वाटीचा स्क्रू सोडून उरलेलं काढा. वाटीत जेमतेम काही चमचे पेट्रोल असतं, ते लवकर उडतं आणि मागे चिकट राळ राहते. पायलट जेटचं (आयडलला पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं) भोक केसाएवढं, तेच आधी बंद होतं. मग ‘चोक ओढल्याशिवाय चालतच नाही’ ही तक्रार सुरू. तीन महिन्यांच्या वर उभी ठेवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी केलेली बरी. जेट साफ करताना कार्ब क्लीनर आणि हवा वापरा, पिन किंवा तार घुसवली की भोक मोठं होतं आणि ॲव्हरेज कायमचं गेलं.

२०१२च्या गाडीतलं रबर ई२०साठी बनवलेलं नाही. ई२०ला टिकणाऱ्या रबर-भागांच्या गाड्या सर्वसाधारणपणे एप्रिल २०२३पासून. म्हणून पेट्रोलचा पाइप, कॉकचं वॉशर, वाटीचं गॅस्केट आणि फ्लोट नीडल बघा. पाइप वाकवल्यावर भेगा दिसल्या, किंवा दाबल्यावर मऊ-फुगीर लागला, तर बदला. पारदर्शक प्लास्टिकची नळी दिसायला छान, पण काही महिन्यांत पिवळी आणि कडक होते. पाइपवर ‘एसएई जे३० आर९’ छापलेलं असेल तो इथेनॉलला टिकतो. नीडलचं टोक व्हिटॉनचं (इथेनॉलला टिकणारं रबर) मागा, नाशिकच्या भद्रकालीत सुट्या भागांच्या दुकानांत दोन्ही मिळतात, स्वस्तातलं नायट्रिलचं असतं.

ॲडजस्टमेंट: कार्बोरेटर आंधळा असतो, त्याला इथेनॉल कळत नाही. माप तेच, हवा तीच, म्हणजे मिश्रण पातळ. थ्रॉटल उघडताना गाडी क्षणभर अडखळली, सोडताना सायलेन्सरमध्ये फटफट झाली, तर पायलट स्क्रू पाव आटा दाट करा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर दाट, इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर. इंजिन गरम करून, पाव-पाव आट्याने. त्याने भागलं नाही आणि फुल थ्रॉटललाही ताकद कमी वाटली तर मेन जेट एक नंबर मोठा. त्याहून पुढे जाऊ नका. निफाडच्या डिसेंबरात सकाळी इथेनॉलचं बाष्प होत नाही, तेव्हा पूर्ण चोक, थ्रॉटलला हात न लावता किका मारायच्या. तो बिघाड नाही.

ॲव्हरेज थोडं पडणारच. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात, ई० (इथेनॉल नसलेलं पेट्रोल) साठी बनवलेल्या आणि ई१०ला जुळवलेल्या दुचाकींना ई२०वर ३ ते ४ टक्के घट धरली आहे. ६० देणारी गाडी ५८ देईल. ४५ वर आली असेल तर दोष इथेनॉलचा नाही, चेन, ब्रेक, टायरची हवा बघा.

---

मनमाडकर_एच२ओ

वाटी_आणि_फ्लोट यांच्याशी एक मतभेद. उभ्या ठेवायच्या गाडीत १००चं टाकलेलं चांगलं, असं माझं मत. मोजपात्राच्या चाचणीत इथेनॉल निघालं नाही तर थर सुटायचा प्रश्नच मिटतो. स्प्लेंडरला एकदाच दोन-तीन लिटर लागेल, जास्त पैसे जात नाहीत.

आणि पंप निवडण्याबद्दल कुणी बोललं नाही. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून निघणारं पेट्रोल सगळीकडे सारखंच, फरक पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पडतो. जास्त खपाचा पंप धरा. जिथे १००चं आठवड्याला चार गाड्या भरतात तिथे ते किती दिवसांचं आहे कोण सांगणार? शंका आली तर डेन्सिटी मागा: रजिस्टरमध्ये सकाळची नोंद असते, १५ अंशांना बदललेली, आणि टँकरच्या चलनावरच्या आकड्यापासून ३ किलो प्रति घनमीटरच्या आत हवी. पाच लिटरच्या मापाने मोजून द्या म्हणायचा आणि फिल्टर पेपर मागायचा हक्क ग्राहकाला आहे. पण फिल्टर पेपरवर इथेनॉल किंवा पाणी कळत नाही, फक्त डाग राहणारी भेसळ कळते. मुसळधार पावसानंतर पहिल्या दिवशी सखल जागेतला पंप टाळा.

---

वाटी_आणि_फ्लोट

मान्य, अर्धं. इथेनॉल नसलं तर थर सुटत नाही, पण पेट्रोल शिळं व्हायचं होतंच, आणि झाकणातून गेलेलं पाणी तळाशी बसायचं बसतंच. १०० टाकलं तरी वाटी रिकामी करायची सुटका नाही.

---

घाटवाट_१५५

नळी काढली, वाकवल्यावर खालच्या बाजूला नखाएवढी भेग निघाली. नवी मागवली. आता आधी क्लीनर की आधी नळी? आणि क्लीनरच्या टाकीला १०० भरू का?

---

स्पार्कगॅप

आधी नळी, एकटी. एका वेळी एकच बदल. नवी बसवताना क्लॅम्पही नवे घ्या, जुन्याचा ताण गेलेला असतो. मग साधं पेट्रोल भरून तोच चढ. भेग तेवढी असेल तर मिश्रण पातळ होत होतं, अर्धा आवाज तिथेच जाईल. उरला तर पीईएच्या दोन टाक्या, साध्या पेट्रोलमध्येच. क्लीनरसोबत १०० भरलं तर आवाज कशाने गेला ते कळणार नाही. दुसरी टाकी संपली की ऑइल आणि फिल्टर बदला, पुन्हा बोरस्कोप घाला, कडेचे पापुद्रे गेलेत का बघा. क्लीनरनंतर पहिले शे-दीडशे किलोमीटर सुटलेले तुकडे जळत असतात, तेव्हा सायलेन्सरमधून थोडा धूर दिसला तर चालेल.

एवढं करूनही पाचव्याला आवाज राहिला तरच १००ची चाचणी, आधी मोजपात्र, मग घाट. आणि तोपर्यंत कसाऱ्यात चौथा.

---

रसायन_पंचवटी

एक भर: कसारा गाव समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर, इगतपुरी ६००च्या आसपास. खाली हवा दाट, सिलिंडरात जास्त भरते, म्हणून तोच आवाज घाटाच्या पायथ्याशी जास्त आणि वर कमी येतो. नाशिकही ६०० मीटरच्या आसपास, इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण ७ टक्के कमी. शहरात आवाज येत नाही त्यात याचाही वाटा आहे. चाचणीचा चढ नेहमी पायथ्याचाच घ्या.